पीडित अपंगांचा कैवार
(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त भरलेल्या सभेत धर्मगुरूंनी केलेले भाषण)



महोत्सवाच्या सभेत देऊळ बांधणाऱ्या पूर्वजांचे स्मरण व्हावे, हे योग्यच आहे. आणि ते कार्य आमच्यापूर्वीच्या वक्त्यांनी उत्तम रीतीने पार पाडले आहे. आम्ही मात्र आपले लक्ष एका क्लेशदायक विषयाकडे वेधणार आहोत. ज्युबिली हा शब्द ज्या हिब्रू शब्दापासून निघाला, त्याचा मूळ अर्थ मेंढ्याचे शिंग असा आहे. जुन्या करारातील विधीप्रमाणे पन्नासाव्या वर्षी शिंग फुंकले जाई आणि दास्यात पडलेला मनुष्य आपल्या घरी परत जाई. आता विचार करा, जो बहिरा आहे त्याला त्या शिंगाचा नाद कसा कळावा? जो खाटेला खिळला आहे त्याने कसे परतावे? आणि ज्याचे दास्य त्याच्या घरातच आहे, त्याने जावे तरी कोठे?

अत्याचार सोसलेल्या अपंग माणसांविषयी आम्ही बोलत आहोत. अत्याचार म्हणजे केवळ मारहाण नव्हे. औषध अडकवून ठेवणे, चाकाची खुर्ची हाताला लागू न देणे, सरकारी निर्वाहवेतन परस्पर खर्चून टाकणे, आणि अब्रूवर घाला घालणे, हे सर्व त्यात येते. हे करणारा बहुधा ओळखीचा असतो. पुष्कळदा तो सांभाळ करणाराच असतो. ज्याच्या हातून घास खावयाचा, त्याच हाताविरुद्ध तक्रार करावयाची, हा पेच धडधाकट माणसाच्या सहसा ध्यानात येत नाही. तक्रार केली तर उद्या सकाळी आपल्याला कोण उठवील, कोण न्हाऊ घालील, हा त्या जिवाचा पहिला प्रश्न असतो.

योहानाच्या शुभवर्तमानातील जन्मांध मनुष्याची कथा आपण पुष्कळदा ऐकली आहे. परंतु त्याला दृष्टी आल्यानंतर काय घडले, इकडे आपले लक्ष क्वचितच जाते. परुश्यांनी त्याला बोलावून विचारले; त्याने सांगितले. त्याच्या आईबापांना विचारले. त्यांनी बहिष्काराच्या भीतीने अंग काढून घेतले. मग त्याला पुन्हा बोलावून तीच गोष्ट पुन्हा वदवली, आणि शेवटी त्यालाच पापी ठरवून बाहेर घालवले. आजही अपंग माणसाने तोंड उघडले की पुष्कळ ठिकाणी हाच क्रम चालतो: वारंवार चौकशी, घरच्यांचे मौन, आणि अखेर अविश्वास. प्रभूने मात्र, त्याला घालवून दिल्याचे ऐकताच, स्वतः जाऊन त्याला गाठले.

हे दुखणे परक्यांचे आहे, असे कोणी समजू नये. आर्जेंटिना देशातील मेंडोसा प्रांतात बधिर मुलांसाठी आपल्याच ख्रिस्तसभेची प्रोव्होलो नावाची निवासी शाळा होती. तेथे मुलांना खुणांची भाषा शिकवीत नसत. ओठांनी बोलण्याचाच आग्रह असे. परिणामी, ज्या मुलांवर अत्याचार झाले त्यांना ते सांगावयास भाषाच नव्हती. त्याच संस्थेच्या इटलीतील व्हेरोना येथील शाळेच्या माजी बधिर विद्यार्थ्यांनी २००९ सालीच आपली कहाणी जगापुढे मांडली होती. तरीही मेंडोसा येथे अटका झाल्या त्या २०१६ साली. आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये न्यायालयाने दोघा धर्मगुरूंस ४२ व ४५ वर्षांची आणि एका माळ्यास १८ वर्षांची शिक्षा ठोठावली. बधिर मुलांनी सांगितले नाही, असे झाले नाही. त्यांचे सांगणे समजून घेणारे कोणी भेटेपर्यंत वर्षे लोटली. त्याच २०१९ साली पोप फ्रान्सिस यांनी आज्ञापत्र काढून, बालकांवरील तशाच दुर्बल प्रौढांवरील अत्याचाराची वार्ता वरिष्ठांस कळवणे धर्मगुरू व व्रतस्थ यांस बंधनकारक केले. २०२३ साली ते सुधारून कायम केले.

आपल्या देशाचा कायदाही याबाबत स्पष्ट आहे, परंतु तो ठाऊक असणारे थोडे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे, लैंगिक अत्याचार सोसलेली व्यक्ती अपंग असेल तर तिने पोलीस ठाण्याच्या पायऱ्या चढण्याचे कारण नाही. अधिकाऱ्याने तिच्या घरी किंवा तिला सोयीच्या ठिकाणी येऊन, दुभाषा अथवा विशेष शिक्षक यांच्या समक्ष फिर्याद लिहून घ्यावी आणि तिचे चित्रीकरण करावे. दंडाधिकाऱ्यापुढे अशाच रीतीने झालेला जबाब सरतपासणीच्या जागी धरला जातो. म्हणजे भर न्यायालयात सारी कहाणी आरंभापासून सांगण्याचा प्रसंग टळतो. जो बोलू शकत नाही, त्याने लिहून किंवा खुणांनी दिलेली साक्ष तोंडी साक्षच मानली जाते. आंध्र प्रदेशातील एका अंध तरुणीने अत्याचार करणाऱ्यास त्याच्या आवाजावरून ओळखले होते. अपंग साक्षीदाराची साक्ष केवळ अपंगत्वामुळे हलकी ठरत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली त्या खटल्यात दिला. पीडित बालक असेल, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने ज्याला ज्याला वार्ता कळेल त्याने ती कळवणे भाग आहे. न कळवणे हाच गुन्हा आहे.

मग आपले काम काय? पवित्र आत्म्याला आपण कैवारी म्हणतो. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ, साहाय्यासाठी जवळ बोलावलेला, असा आहे. कैवार घेणे म्हणजे पीडिताचे तोंड बंद करून आपण बोलत सुटणे नव्हे. त्याचा शब्द योग्य ठिकाणी पोहोचेपर्यंत त्याच्या जवळ उभे राहणे, हा खरा कैवार.

याची रीत शिकावी लागते. ज्याचे मन भेदरून गेले आहे, त्याची हकीकत सरळ ओळीत येत नाही. दिवस आठवत नाही, पण त्या खोलीतला वास आठवतो. मधली गोष्ट आधी येते. कोणी सांगता सांगता हसते, कोणी दगडासारखे गप्प बसते. एवढ्यावरून ते खोटे ठरत नाही. म्हणून एकानेच ऐकावे, आणि तेच तेच दहा जणांनी विचारू नये. कोठे बसावयाचे, दार उघडे असावे की लोटलेले, बोलून सांगावयाचे की लिहून, खुणांनी की चित्रांवर बोट ठेवून, हे तिला विचारावे. परवानगीवाचून अंगाला, काठीला, खुर्चीला हात लावू नये. समजण्यास वेळ लागत असेल तर लहान वाक्ये बोलावीत आणि उत्तराची वाट पाहावी. घरातील माणसाला दुभाषा करू नये, कारण कदाचित तोच दोषी असेल किंवा दोषी माणसाच्या धाकात असेल. जे गुप्त ठेवता येणार नाही, ते गुप्त ठेवण्याचे वचन देऊ नये. आणि पीडित व्यक्ती प्रौढ असेल, तर पुढचे पाऊल टाकावयाचे की नाही, हे तिने ठरवावे. सर्व वाटा तिला समजतील अशा भाषेत सांगणे, एवढे आपले काम.

येथून पुढे या धर्मग्रामात काही गोष्टी व्हाव्यात, असे आम्ही ठरवले आहे. कार्यालयाच्या तीन पायऱ्यांलगत चाकाच्या खुर्चीसाठी उतार बांधला जाईल. दोन भगिनी आणि एक बंधू यांस या कामाचे रीतसर शिक्षण दिले जाईल. त्यांची नावे ठळक अक्षरांत फलकावर लागतील, आणि अंधांसाठी मिस्साच्या वेळी वाचूनही दाखवली जातील. बालकांच्या मदतीसाठी १०९८ आणि पोलिसांसाठी ११२ हे क्रमांकही तेथेच असतील. वांद्रे येथील अली यावर जंग संस्थेत खुणांच्या भाषेचे दुभाषे तयार होतात. तेथून साहाय्य घेण्याची खटपट आम्ही करू. भेट अशा जागी होईल की बाहेरून दिसावे, पण ऐकू येऊ नये. तक्रारीनंतर ज्याचा सांभाळ करणारे कोणी उरत नाही, त्याच्या जेवणाची, औषधाची व अंघोळीची पाळी विश्वासू कुटुंबांनी वाटून घ्यावी, अशी आपणांस आमची विनंती आहे. एवढे झाले नाही, तर बाकीचे सारे शब्द फुकट जातील.

आणखी दोन गोष्टी सांगून भाषण पुरे करतो. पापनिवेदनात ऐकलेले गुपित आम्ही प्राण गेला तरी फोडू शकत नाही; यास्तव तेथे कोणी आपल्यावरील अत्याचार सांगितला, तर तीच गोष्ट त्या संस्काराबाहेर सांगावी, म्हणजे आम्हांस हातपाय हलवता येतील, अशी विनवणी आम्ही करू. आणि असे प्रकरण घराण्याच्या अब्रूसाठी आपसात मिटवून द्यावे, म्हणून आमच्याकडे कोणी येऊ नये. आरोप धर्मगुरूवर असला, तरी हाच नियम राहील.

प्रभू आपणा सर्वांस त्या जन्मांधाला गाठणारी पावले देवो.