जुन्या गाडीचा काळा रंग

ट्रॅक्टर-नांगरांसाठी मिळणारे स्वस्त काळे इनॅमल अमेरिकेत काही जण आपल्या जुन्या गाडीलाही देतात. त्यातही ते मंद तकाकीचे निवडतात, हे मला शहाणपणाचे वाटते. चकचकीत रंग आरशासारखा प्रकाश परतवितो आणि पत्र्यावरील प्रत्येक पोचा उठून दिसतो. मंद रंगावर प्रकाश विखुरतो, पोचे झाकले जातात. गंज मात्र झाकला जात नाही. तो खाली राहिला, की रंगाचे पापुद्रे सुटू लागतात. म्हणून रंगात वाचलेला पैसा काचकागदाने घासणे, तेलकटपणा काढणे आणि अस्तर देणे यांत घालावा. ही कंटाळवाणी कामे टाळणारेच बहुधा पुढे स्वस्त रंगाला नावे ठेवतात!

हे इनॅमल हवेतील प्राणवायूने सावकाश कठीण होते. घाई असणारे त्यात आयसोसायनेटयुक्त द्रव्य मिसळतात. त्याच्या फवाऱ्याने दमा जडू शकतो. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही, बाहेरची शुद्ध हवा पुरविणारा मुखवटाच लागतो. घरच्या अंगणात तो कोठून येणार? तेथे ते द्रव्य न मिसळता कुंचल्यानेच रंग द्यावा आणि वाळण्यास भरपूर अवधी द्यावा. पुढे पॉलिशही करू नये. घासलेली जागा तेवढीच चकाकू लागते.