अद्भुत आणि त्याचें मोल

मालवणांतील एखाद्या सुशिक्षित घरांत, आषाढांतल्या पावसाच्या दुपारीं, सोळा-सतरा वर्षांची मुलगी जाडजूड इंग्रजी कादंबरी घेऊन खिडकीपाशीं बसलेली असते. आईनें दोनदां हांक मारली तरी ती उठत नाहीं. पुस्तकाच्या वेष्टनावर तलवार, गुलाब आणि पंख असलेला सर्प यांचें चित्र असतें. अशा वेळीं वडील मंडळींचें मत ठरलेलें असतें : अभ्यासाच्या वयांत असल्या भाकडकथा हव्यात कशाला? मुलीचें उत्तरहि ठरलेलें असतें : तुम्हांला त्यांतलें कांहीं कळत नाहीं. वाद येथेंच थांबतो, कारण वाद घालणाऱ्यांपैकीं एकानेंच तें पुस्तक वाचलेलें असतें.

हा वाद पुढें चालवावयाचा तर प्रथम या पुस्तकांचें स्वरूप ध्यानांत घेतलें पाहिजे. एक तरुण नायिका, तिच्या ओळखीच्या जगापलीकडे यक्षांचें, चेटक्यांचें किंवा पिशाचांचें दुसरें जग, त्या जगांतील एक देखणा व धोकादायक पुरुष, आणि त्या दोघांच्या प्रेमावर टांगलेलें एखाद्या राज्याचें भवितव्य, हा त्यांचा सर्वसाधारण सांचा. अमेरिकेंत स्टेफनी मेयर यांची 'ट्वायलाइट' ही कादंबरी २००५ मध्यें निघाली आणि या सांच्याला जगभर वाचक मिळाले. पुढें सारा जे. मास, रेबेका यारोस इत्यादि लेखिकांनीं असलें लेखन आणखी लोकप्रिय केलें. प्रणय आणि अद्भुत यांच्या इंग्रजी नांवांची सांगड घालून त्यास 'रोमँटसी' असें नांवहि मिळालें आहे.

नांव नवें असलें तरी वस्तु मराठी वाचकाला अनोळखी नाहीं. मराठी कादंबरी बाल्यावस्थेंत होती तेव्हां तिचें मुख्य खाद्य हेंच होतें. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' १८६१ मध्यें आणि नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' १८६८ मध्यें प्रसिद्ध झाली. सद्गुणी नायिका, तिच्यावर कोसळणारीं संकटें, दुष्टांचीं कारस्थानें आणि अखेरीस गोड मीलन, ही त्या काळची आवडती मांडणी. काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनीं १८७२ मध्यें नावल व नाटक यांविषयीं निबंध लिहून या नव्या प्रकाराची चिकित्सा केली. १८९० पासून 'करमणूक' पत्रांत हरिभाऊ आपटे यांची 'पण लक्षांत कोण घेतो!' येऊं लागली आणि मराठी कादंबरी घराच्या माजघरांत शिरली. तथापि अद्भुताची भूक त्यामुळें भागली नाहीं. शिकारीच्या वेळीं झालेल्या अपघातानें ज्यांचे पाय कायमचे निकामी झाले त्या नाथमाधवांनीं १९१३ मध्यें 'वीरधवल' दिली, आणि पिढ्यान् पिढ्या मुलांनीं ती चोरून, दिव्याखालीं, एका बैठकींत वाचली. तेव्हां आजची मुलगी घराण्याची रीत मोडीत नसून पाळीतच आहे.

मालवण किनाऱ्यावरील वाचकाला तर या बाबतींत एक विशेष शिक्षण मिळालेलें असतें, आणि तें पुस्तकांतून नव्हे. कार्तिकापासून गांवोगांवच्या जत्रांना आरंभ होतो आणि देवळापुढें रात्रभर दशावतार चालतो. मांडलेला एक बांक या प्रसंगांत राजाचें सिंहासन, तर पुढच्या प्रसंगांत अरण्यांतील शिळा. बाजूला पायपेटी, मृदंग आणि झांजा. लिहिलेली संहिता नाहीं. नट प्रसंग ठरवून घेतात आणि संवाद उभ्या उभ्या रचतात. राजकन्या, राक्षस, शाप, उःशाप, वेषांतर, वियोग, पुनर्मीलन, सारें साहित्य त्या इंग्रजी कादंबऱ्यांतलेंच. हल्लीं 'ट्रिकसीन'चीं नाटकेंहि होतात आणि देखाव्यांची करामत पाहून लहान मुलें टाळ्या वाजवितात. परंतु करामत घटकाभरची. पहांटेपर्यंत प्रेक्षकाला जागें ठेवते ती निराळीच गोष्ट. पहिल्या प्रहरीं राजा उदार होऊन वचन देतो, तेव्हां पुढच्या रांगेंतल्या पोरालासुद्धां कळतें कीं, हें वचन उजाडण्यापूर्वीं राजाला महाग पडणार. शाप उच्चारला गेला कीं तो कोणाला तरी भोगावा लागणार. रात्रीं राजा झालेला नट सकाळीं डोक्यावर बोजा घेऊन पुढच्या गांवची वाट धरतो, अशी म्हणच या भागांत आहे. अद्भुत फुकट मिळत नाहीं, हा धडा येथल्या माणसाला असा झोपमोड करून मिळालेला असतो.

या धड्याच्या कसोटीला प्रेमकथा लावून पाहिली म्हणजे बरी व वाईट यांतील भेद स्पष्ट होतो. कसोटी अर्थातच जुन्या कथेवर पारखून घ्यावी. कच संजीवनी विद्या शिकण्यासाठीं शुक्राचार्यांकडे राहतो. असुर त्याला वारंवार मारतात. अखेर त्याची राख मद्यांत मिसळून गुरूंनाच पाजतात. तरी विद्येच्या बळावर तो परत येतो. देवयानीचें त्याच्यावर प्रेम जडलेलें असतें. परंतु ज्या उदरांतून तो पुन्हां जन्मला त्याच पित्याची ती कन्या, म्हणून तो तिला नकार देतो. ती शाप देते, तोहि शाप देतो, आणि दोघें आपापल्या मार्गानें जातात. येथें अद्भुताची मर्यादा किती नेमकी आहे! जी विद्या राखेंतून माणूस उठविते, तिला एका जिवंत माणसाचा नकार फिरवितां येत नाहीं. मंत्रानें प्राण येतात, होकार येत नाहीं.

याच कथेचा पुढचा भाग मराठी वाचकाच्या मनांत कायमचा रुजविला तो विष्णु सखाराम खांडेकर यांनीं. १९२० ते १९३८ इतका दीर्घ काळ ते याच किनाऱ्यावरील शिरोडें गांवीं शिक्षक होते. त्यांची 'ययाति' १९५९ मध्यें प्रसिद्ध झाली आणि १९७४ च्या ज्ञानपीठ पुरस्काराची मानकरी ठरली. ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा हीं तिघें आपापल्या तोंडानें आपली कहाणी सांगतात, म्हणून तरुण वाचकाला कोणा एकाचाच पक्ष घेऊन मोकळें होतां येत नाहीं. राजकन्या असून दासी झालेली शर्मिष्ठा आपल्या प्रेमाचें मोल स्वतः भरते. राजा मात्र पुत्राचें तारुण्य मागून घेतो. सुख आपलें आणि देणें दुसऱ्याचें, हा खरा अपराध. आणि तो उघड दिसावा यासाठींच तेथें शापाची व वार्धक्याची योजना आहे. उत्तम कथेंत अद्भुत हें असें आरशाचें काम करतें.

आतां मुलीच्या हातांतील पुस्तकांकडे वळावें. 'ट्वायलाइट'मधील नायक एक रक्तपिपासु पिशाच आहे. तो नायिकेच्या नकळत रात्रीं तिच्या खोलींत येऊन तिला झोपलेली पाहत बसतो, आणि कथा या पाळतीस प्रेमाची खूण मानते. २००८ मध्यें निघालेल्या चौथ्या भागांत नायिका स्वतः पिशाच होते. आतां ती कांहीं तरी गमावील, असें वाचकाला वाटतें. पण तिला सौंदर्य मिळतें, बळ मिळतें, अपत्य मिळतें, बापहि दुरावत नाहीं. बाळंतपणाच्या यातना सोडल्या तर अमरत्वाचें मोल तिला द्यावें लागत नाहीं. दशावताराचा प्रेक्षक अशा वेळीं उठून चहाच्या दुकानाकडे गेला असता.

याउलट सारा जे. मास यांच्या २०१५ मध्यें सुरू झालेल्या मालिकेंत नायिकेला प्रियकराच्या सुटकेसाठीं दोन निरपराध जीवांची हत्या करावी लागते. प्रियकर सुटतो; परंतु पुढच्या पुस्तकांत तिची झोप उडालेली आहे, आणि ज्याच्यासाठीं हें केलें त्याच्या सहवासांतहि तिला श्वास घेतां येत नाहीं. येथें लेखिकेनें देणें बुडविलें नाहीं. म्हणूनच हें पुस्तक मुलीच्या मनांत रेंगाळतें. वडील मंडळी ज्याला खुळ म्हणतात तें पुष्कळदां या हिशेबाचेंच चिंतन असतें.

यावर कोणी म्हणेल, करमणुकीच्या पुस्तकाला इतकी कडक जमाखर्चाची वही कशाला? शिणलेल्या मनाला दोन घटका स्वप्न पाहण्याचा अधिकार नाहीं काय? अवश्य आहे. दशावतारांतहि संकासुर येऊन मालवणी बोलींत हंसवून जातो, आणि त्याला कोणी हिशेब विचारीत नाहीं. परंतु प्रेमाची गोष्ट निराळी. सोळाव्या वर्षीं वाचलेली प्रेमकथा नुसती वाचली जात नाहीं, ती मनांत नमुना म्हणून ठेवली जाते. पाळत म्हणजे आस्था आणि नकार म्हणजे आणखी थोडा आग्रह करण्याचें आमंत्रण, असें ज्या पुस्तकानें मुलीला आणि मुलालाहि शिकविलें, त्याचें मोल पुस्तकाबाहेर, खऱ्या आयुष्यांत भरावें लागतें.

वयाचा प्रश्नहि टाळतां येणार नाहीं. मास यांची उपर्युक्त मालिका आरंभीं तरुणांच्या वाङ्मयांत गणली गेली होती. तींतील शृंगाराचीं वर्णनें उघड असल्यामुळें २०२० मध्यें ती प्रौढांची म्हणून नव्या वेष्टनांत काढण्यांत आली. प्रकाशकाची शिफारस अशी बदलूं शकते, आणि आजकाल पुस्तक वाचनालयाच्या कपाटाऐवजीं थेट खिशांतल्या फोनवर उतरतें. अशा स्थितींत बंदीचा उपयोग थोडा. पुस्तक हिसकावून घेणाऱ्या घरांत तें चोरून वाचलें जाईल, आणि चोरून वाचलेल्या पुस्तकाविषयीं कोणी प्रश्न विचारीत नाहीं.

त्यापेक्षां मुलीचें पुस्तक आईनें मागून घ्यावें, निदान शंभर पानें वाचावीं, आणि मग विचारावें : या जादूचें देणें कोणी भरलें? नायिका 'नाहीं' म्हणाली तेव्हां काय झालें? मुलगी उत्तर देईल. कदाचित् पुस्तकाची बाजू इतकी चांगली मांडील कीं आईचेंच मत बदलेल. त्याच गप्पांत 'ययाति'चें नांव निघावें. निघालें तर चिंतामण त्र्यंबक खानोलकरांच्या 'कोंडुरा'चेंहि निघावें. वेंगुर्ल्याजवळच्या एका खऱ्या ठिकाणाचें नांव धारण करणारी १९६६ ची ही कादंबरी प्रेमकथा नव्हे. परंतु अलौकिक शक्ति लाभलेल्या माणसावर ती शक्तीच कशी उलटते, हें तींत याच भूमीच्या वाऱ्यापाण्यासह आलें आहे. दूरच्या यक्षनगरींत रमलेल्या वाचकाला आपल्या घरापासून कांहीं कोसांवरहि तसलाच दरवाजा आहे, हें एकदां कळलें म्हणजे तो दोन्हीकडे जाईल, आणि कोठें किती मोल पडलें याची तुलना त्याची तोच करूं लागेल.