परवाना जागेचा, कसब हाताचे

कलकत्त्यात, म्हणजे 2001 पासूनच्या कोलकात्यात, केशकर्तनालय काढू इच्छिणाऱ्यास महानगरपालिकेकडून नोंदणीचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. 1980 च्या महानगरपालिका कायद्याची ही तरतूद. त्या कागदावर मालकाचे नाव असते, जागेचा पत्ता असतो, धंद्याचा प्रकार असतो. वस्तरा धरणाऱ्या हाताला काय येते, याची विचारपूस मात्र तो कागद करीत नाही.

अमेरिकेत निराळा मार्ग पत्करण्यात आला. मिनेसोटा राज्याने 1897 साली न्हाव्यांसाठी परवान्याचा कायदा केला आणि पुढे इतर राज्यांनी तोच कित्ता गिरवला. ठरावीक तासांचे शिक्षण वा उमेदवारी आणि त्यानंतर परीक्षा, असा तेथील सर्वसाधारण क्रम आहे. या नियमांमागची भीती खोटी नव्हे. काविळीचे काही प्रकार रक्तावाटे पसरतात, आणि एका गालावरून दुसऱ्या गालावर जाण्यास त्यांना एक न बदललेले पाते पुरते.

मग कोलकात्याचा कारागीर घडतो कोठे? बहुधा दुकानातच. बिहारमधून आलेला मुलगा नात्यातल्या किंवा गावाकडच्या एखाद्या उस्तादाच्या खुर्चीमागे उभा राहतो. केर काढावा, पाणी आणावे; मग साबणाचा फेस, मग कात्री, आणि सर्वांत शेवटी वस्तरा. तो केव्हा हाती द्यावयाचा, हे उस्तादाची नजर ठरविते. या पद्धतीचे गोडवे गाण्याचा मोह आवरलेला बरा. मुलाला वेतन किती, कामाचे तास किती, याची नोंद सहसा नसते; आणि वर्षानुवर्षे राबल्यावरही परक्या शहरात दाखविण्यास त्याच्यापाशी चिटोरासुद्धा नसतो. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात लेखी करार आहे, विद्यावेतन आहे. परंतु 2019 च्या नियमदुरुस्तीनंतर उमेदवार घेण्याची सक्ती आहे ती 30 किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांना. दोन खुर्च्यांचे दुकान त्या सक्तीबाहेरच राहते.

ज्याला खुर्चीच नाही, त्याची गोष्ट तर आणखी वेगळी. गिऱ्हाइकाला विटेवर बसविणाऱ्या पदपथावरील न्हाव्याच्या दुकानास बंगाली माणूस थट्टेने ‘इटालियन सलून’ म्हणतो; बंगालीत विटेला ‘इट’ म्हणतात! 2014 च्या पथविक्रेता कायद्याने रस्त्यावर सेवा देणाऱ्यांनाही संरक्षण दिले. तेथेही प्रमाणपत्र मिळते ते बसण्याचेच. उद्या परीक्षा सक्तीची झाली, तर पहिला गुन्हेगार हा विटेवाला ठरेल, मग त्याचा हात कितीही हलका असो.

वास्तविक येथे दोन प्रश्न एकात मिसळले गेले आहेत. पाते दर गिऱ्हाइकामागे बदलले की नाही, हे पाहण्यास परीक्षामंडळ नको, निरीक्षक हवा. आणि तो सर्वांसाठी हवा. कसबाचा दाखला ही निराळी बाब असून ज्याला हवा त्याला तो मिळाला पाहिजे. केंद्र सरकारने 2023 साली सुरू केलेल्या विश्वकर्मा योजनेतील 18 व्यवसायांत न्हाव्याचा समावेश आहे. तीत प्राथमिक प्रशिक्षण पाच ते सात दिवसांचे असून, त्या दिवसांसाठी रोजचे 500 रुपये ठेवलेले आहेत. कारण धोकटी बंद करून वर्गात बसलेल्या कारागिराची त्या दिवसाची कमाई बुडते.