मळणीची धूळ, चुलीचा धूर आणि दमा : घरच्या घरी काय करता येते?
(शेतकरी मेळाव्यातील आरोग्य चर्चासत्रात केलेले भाषण)



दम्यावर घरगुती उपाय सांगा, असे मला या चर्चासत्राच्या संयोजकांनी कळविले होते. समोर बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांना आता आले, मध, अडुळसा, तुळस यांचा काढा किती वेळा व कोणत्या प्रमाणात घ्यावा हे ऐकायचे असेल. त्याविषयी मी बोलणारच आहे. पण दम्यावरचा सर्वांत मोठा घरगुती उपाय स्वयंपाकघरातील डब्यात सापडत नाही. तो खळ्यावर, चुलीपाशी आणि बांधावर आहे. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

दम्यात होते काय, ते आधी थोडक्यात पाहू. फुप्फुसात हवा नेणाऱ्या बारीक नळ्यांना आतून सूज असते. ही सूज त्रास नसतानाही थोडीफार राहतेच. अशा नळीत धूळ, धूर, परागकण किंवा थंड हवा गेली की तिच्या भोवतालचे स्नायू आवळतात, आत चिकट कफ साठतो आणि वाट अरुंद होते. मग छातीत शिट्टी वाजते, धाप लागते, पहाटे खोकल्याने जाग येते. म्हणजे दोष दोन आहेत. कायमची सूज हा एक आणि अधूनमधून नळी आवळणे हा दुसरा. या दोहोंचे उपाय वेगळे आहेत, एवढे ध्यानात ठेवले तर पुढचे सर्व समजायला सोपे जाईल.

धान्याची धूळ छातीला बाधते हे काही नवे ज्ञान नाही. रामाझिनी नावाच्या इटालियन वैद्याने १७०० साली निरनिराळ्या धंद्यांतील रोगांवर ग्रंथ लिहिला. त्यात धान्य चाळणाऱ्या व मापणाऱ्या लोकांच्या श्वासाच्या विकारांवर स्वतंत्र विवेचन आहे. अलीकडचे उदाहरण आपल्या विदर्भ-मराठवाड्यातील सोयाबीन उत्पादकांना जास्त जवळचे वाटेल. स्पेनमधील बार्सिलोना शहरात १९८१ ते १९८७ या काळात मधूनच एखाद्या दिवशी दम्याचे रुग्ण एकदम मोठ्या संख्येने दवाखान्यात येत. कारण कळेना. शेवटी जहाजांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा बंदरावर सोयाबीन उतरविले जाई त्याच दिवशी हे घडते असे दिसून आले. सोयाबीनच्या टरफलाची बारीक धूळ वाऱ्याने शहरावर पसरत होती. कोठारावर धूळ अडविणाऱ्या गाळण्या बसविल्या आणि साथ थांबली. इथे रुग्णांनी कोणता काढा घेतला हा प्रश्नच आला नाही. धूळ जिथून उठत होती तिथेच ती अडविली.

आपल्याकडे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सोयाबीन आणि बाजरी, पुढे फेब्रुवारी-मार्चमध्ये ज्वारी व गहू अशी मळणी चालते. घरात दम्याचा रुग्ण असेल तर मळणी यंत्र घराच्या आणि गोठ्याच्या लगत उभे करू नका. यंत्राचे भुसकट बाहेर फेकणारे तोंड वाऱ्याच्या दिशेने राहील आणि माणसे वाऱ्याच्या वरच्या बाजूला राहतील अशी जागा निवडा. आपले जुने लोक उफणणी करताना वारा कुठला आहे हे पाहून तिवईवर उभे राहत. यंत्र आल्यापासून हे पाहणे मात्र सुटले. दम्याच्या माणसाने पेंढ्या घालण्याचे काम घेऊच नये. हिशेब ठेवणे, पोती शिवणे ही कामे त्याच्याकडे द्यावीत. तोंडाला उपरणे बांधले की काम भागते अशी समजूत आहे. उपरण्याने जाड भुसा अडतो, पण छातीत खोलवर जाणारी बारीक धूळ त्यातून आरपार जाते. औषधाच्या दुकानात एन-९५ नावाचा, दोन पट्ट्यांचा, नाकावर घट्ट बसणारा मास्क मिळतो, तो वापरावा. ओला झाला किंवा त्यातून श्वास घेणे जड जाऊ लागले की बदलावा. काम संपल्यावर कपडे बाहेरच झटकावेत आणि अंघोळ करून मगच घरात वावरावे. धुळीचा सदरा खुंटीला टांगून त्याच खोलीत झोपणे म्हणजे खळे घरात आणण्यासारखे आहे.

पावसात भिजून बुरशी आलेला कडबा, भुसकट किंवा उसाचे जुने चिपाड हलविताना विशेष जपावे. हे काम केल्यावर चार ते आठ तासांनी थंडी-ताप, खोकला आणि धाप सुरू झाली, तर ते साधे पडसे समजू नका. हा दम्यापेक्षा वेगळा, बुरशी व जिवाणूंच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा विकार असू शकतो. तो वारंवार झाला तर फुप्फुस कायमचे खराब होते. डॉक्टरांना 'काल बुरशीचा कडबा काढला' हे आवर्जून सांगा, कारण तुम्ही सांगितल्याशिवाय ते त्यांना कळणार नाही.

फवारणीबद्दलही एक गोष्ट सांगतो. काही कीटकनाशकांच्या विषबाधेतही छाती भरते आणि घरघर लागते. सोबत लाळ गळणे, डोळ्यांतून पाणी, खूप घाम, डोळ्यांची बाहुली टाचणीएवढी बारीक होणे अशी लक्षणे दिसली तर तो दमा समजून घरी थांबू नका. अंगावरचे कपडे काढून अंग साबणाने धुवा आणि औषधाची बाटली बरोबर घेऊन रुग्णालय गाठा. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने शेतकरी दगावले, हे आपण विसरलेलो नाही.

आता बांधावर येऊ. गाजर गवताची नोंद आपल्या देशात प्रथम १९५५ च्या सुमारास पुण्यात झाली आणि आज ते नाही असे गाव शोधावे लागेल. त्याच्या परागकणांनी शिंका, अंगाला खाज आणि काही जणांना दमा होतो. ते फुलावर येण्यापूर्वी, पावसाने जमीन ओली असताना मुळासकट उपटावे. हातात मोजे असावेत आणि ज्याला दमा आहे त्याने हे काम दुसऱ्यावर सोपवावे. फुलापूर्वी उपटलेले गवत कंपोस्ट खड्ड्यात चालते. पडीक जागेत तरोट्याचे बी टाकल्यास तो गाजर गवताला दाबतो. ते गवत खाणारा मेक्सिकन भुंगा आपल्या देशात १९८४ पासून सोडला जात आहे. पावसाळ्यात तो दिसला तर मारू नका. एकट्याने बांध साफ करून मात्र फारसे साधत नाही, कारण पराग शेजारच्या बांधावरून येतो. हे काम गावाने एकत्र करायचे आहे.

घरातील मोठा शत्रू म्हणजे चूल. पऱ्हाट्या, तुराट्या, गोवऱ्या यांचा धूर बाईच्या आणि तिच्या मांडीवरच्या मुलाच्या छातीत जातो. गोबरगॅस असेल तर उत्तमच. गॅसची शेगडी घरात आलेली असूनही 'भाकरी चुलीवरचीच गोड' म्हणून किंवा सिलिंडर वाचवायचा म्हणून चूल पेटते, असे पुष्कळ घरांत दिसते. निदान अंघोळीच्या पाण्याची चूल घराबाहेर मांडा आणि दम्याच्या माणसाला धुरापासून दूर ठेवा. घरात विडी ओढणाऱ्याबद्दल जास्त बोलत नाही. मूल दम्याचे आणि बाप विडी ओढतोय, अशा घरात मुलाचे औषध वाढवून फारसा उपयोग होत नाही. गोधड्या व उशा गरम पाण्याने धुवून कडक उन्हात वाळवाव्यात. धान्याच्या कोठीत किडीच्या गोळ्या ठेवल्या असतील तर त्या खोलीत कोणीही झोपू नये. तो वायू दमा असलेल्या-नसलेल्या सर्वांचाच जीव घेतो.

एवढे झाल्यावर आता काढ्याकडे वळू. आले, तुळस, ज्येष्ठमध यांचे गरम पाणी आणि चमचाभर मध यांनी घसा शेकतो, खोकल्याची उबळ कमी होते. खुशाल घ्या, मात्र एक वर्षाखालील मुलाला मध देऊ नये. अडुळशाचे श्रेय मोठे आहे. त्यातील व्हॅसिसीन या द्रव्याच्या अभ्यासातून ब्रोमहेक्सिन हे कफ पातळ करणारे आधुनिक औषध तयार झाले. पण अडुळसा कफावर काम करतो. आवळलेली नळी तो चटकन मोकळी करील असे समजू नये. वाफाऱ्याने चोंदलेले नाक मोकळे होते, दमा जात नाही, आणि उकळते पातेले सांडून मुले भाजतात. चहा-कॉफीने नळ्या किंचित सैल होतात हे खरे, पण दम लागलेल्या माणसाला कपभर कॉफी पाजून वाट पाहत बसणे घातक आहे. प्राणायाम आणि ओठ आवळून सावकाश श्वास सोडण्याचा सराव बरे असताना रोज करावा. त्याने धास्ती कमी होते. केळी, दही सरसकट बंद करण्याची गरज नाही. एखाद्या पदार्थाने दर वेळी त्रास होतो असे दिसले तर तेवढाच टाळावा.

धोतऱ्याची पाने जाळून धूर ओढण्याचा उपाय मात्र स्पष्टपणे नको म्हणून सांगतो. त्यात तथ्य नाही असे नाही. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही पद्धत मद्रासहून इंग्लंडात गेली, तिथे दम्यासाठी धोतऱ्याच्या सिगारेटी निघाल्या आणि त्याच जातीच्या द्रव्यापासून पुढे इप्राट्रोपियम हे पंपातील औषध बनले. परंतु झाडाझाडांत विषाचे प्रमाण बदलते. कमी पडले तर उपयोग नाही, जास्त झाले तर माणूस भ्रमतो आणि दगावतोही. कोजागिरीच्या खिरीतील किंवा जत्रेतील पुडीचे औषध 'लगेच गुण देते' तेव्हाही विचारा की त्यात काय आहे. अशा काही पुड्यांच्या तपासणीत स्टिरॉइड मिसळलेले आढळले आहे. ते बेहिशेबी पोटात गेले की मधुमेह, हाडांची झीज असे विकार मागे लागतात.

आणि गंमत अशी की हेच लोक पंपाला भितात. 'पंपाची सवय लागते', 'पंप म्हणजे शेवटचा उपाय' असे म्हणतात. शेंड्यावर मावा पडला तर आपण औषध शेंड्यावर फवारतो, सगळे शेत औषधात बुडवीत नाही. सालब्युटामॉलच्या गोळीत ४ मिलिग्रॅम म्हणजे ४००० मायक्रोग्रॅम औषध असते. पंपाच्या एका दाबात असते १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे चाळिसावा हिस्सा, आणि तेही थेट नळीत. सवयीचे म्हणाल, तर पिकाला पाण्याची सवय लागली असे आपण म्हणत नाही. मात्र सालब्युटामॉल फक्त आवळलेली नळी सैल करते, सूज तशीच राहते. सुजेसाठी अल्प मात्रेतील स्टिरॉइडचा पंप लागतो. दम्याच्या जागतिक मार्गदर्शक सूचनांत २०१९ पासून मोठ्या माणसांनी व किशोरवयीन मुलांनी एकट्या सालब्युटामॉलवर राहू नये असे सांगितले आहे. बरे वाटले म्हणून मळणीच्या तोंडावर हा पंप बंद करणे, ही चूक दर हंगामात पाहायला मिळते. तो डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका, आणि घेतल्यावर चूळ भरा.

लहान मुलांना पंप नळकांड्यातून, म्हणजे स्पेसरमधून द्यावा. तो मिळत नसेल तर अर्ध्या लिटरच्या प्लॅस्टिक बाटलीच्या बुडाला पंपाच्या तोंडाएवढे घट्ट छिद्र पाडून काम भागते. दक्षिण आफ्रिकेतील डॉक्टरांनी १९९९ साली तशी बाटली मुलांवर वापरून ती उपयोगी असल्याचे दाखविले आहे.

अटॅक आला तर रुग्णाला आडवे करू नका, ताठ बसवा. आराम देणाऱ्या पंपाचे चार दाब, एका वेळी एक, स्पेसरमधून द्या. प्रत्येक दाबानंतर चार-सहा श्वास घेऊ द्या. चार मिनिटांत उतार नसेल तर पुन्हा चार द्या आणि लगेच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. वाक्य पुरे बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, बरगड्यांमधील जागा आत ओढली जात असेल, तर चार मिनिटेही थांबू नका. आणि सर्वांत फसवी खूण म्हणजे घरघर एकदम बंद होऊन रुग्ण पेंगू लागणे. तो शांत झाला असे समजू नये, त्याची हवा संपत आलेली असते.

एका भगिनीने चिठ्ठी पाठविली आहे की दिवस गेल्यावर पंप बंद करावा काय. बंद करू नये. आईला दम लागला तर बाळालाही हवा कमी पडते, त्यामुळे गरोदरपणात डॉक्टरांच्या सल्ल्याने पंप चालूच ठेवावा. त्या काळात बंद ठेवायचा तो अडुळसा, कारण त्याने गर्भाशय आकुंचन पावू शकते.