घरातील दिव्यांची निवड

मृगाचा पाऊस एकदा लागला म्हणजे नंदगडसारख्या रानालगतच्या गावी भर दुपारी माजघरात दिवा लावावा लागतो. उतरती कौले, जाड भिंती आणि लहान खिडक्या असलेल्या जुन्या घरांत पावसाळाभर दिव्याचे काम संध्याकाळपुरते राहत नाही. म्हणून कोणता दिवा घ्यावा, हा प्रश्न इकडे शहरापेक्षाही अधिक निकडीचा आहे.

दुकानात गेल्यावर आपण सवयीने विचारतो, “किती वॅटचा?” परंतु वॅट हे दिवा वीज किती खातो याचे माप होय, उजेड किती देतो हे ल्यूमेन या मापाने कळते. तारेच्या जुन्या ६० वॅटच्या दिव्यात विजेचे शंभरांतले जेमतेम पाच भाग उजेडाच्या कामी येतात, उरलेली सारी उष्णता. त्याच्याइतका उजेड एलईडीचा ९ वॅटचा दिवा सहज देतो. पांढऱ्या उजेडाचा हा दिवा शक्य झाला तो निळ्या एलईडीमुळे; तिच्या शोधाबद्दल आकासाकी, आमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पुढच्याच वर्षी आपल्या देशात ‘उजाला’ योजनेतून हे दिवे स्वस्तात घरोघर पोचू लागले.

आता हिशेब पाहू. ६० वॅटचा दिवा रोज पाच तास जळाला, तर महिन्याला ९ युनिटे होतात. ९ वॅटच्या दिव्याला दीड युनिटही लागत नाही. यावर कोणी म्हणेल, कर्नाटकात २०२३ पासून ‘गृहज्योती’ योजनेत २०० युनिटांपर्यंत वीज फुकट आहे, मग ही काटकसर कशाला? हा समज अपुरा आहे. प्रत्येक घराला सरसकट २०० युनिटे मिळत नाहीत. २०२२-२३ सालच्या त्या घराच्या मासिक सरासरीवर दहा टक्के, असा मूळ नियम होता. म्हणजे ज्या घराची सरासरी ९० युनिटे, त्याला वाढीव मिळाली ती ९. आणि तेवढी तर एकटा तारेचा दिवा गिळून टाकतो! हक्काच्या मर्यादेवरील युनिटांचे पैसे द्यावे लागतात आणि २०० ओलांडली की सगळेच बिल भरावे लागते.

देवघरातला ‘झिरोचा’ दिवा तर नावालाच झिरो. जुन्या धर्तीचा हा दिवा १५ वॅटपर्यंत वीज घेतो. रात्रभर दहा तास ठेवला तर महिन्याची साडेचार युनिटे गेली. तेथे अर्ध्या वॅटचा एलईडी पुरे.

मुलांच्या अभ्यासासाठी मात्र काटकसर करून मंद दिवा लावणे मला पटत नाही. दिवा आढ्याला टांगण्याऐवजी निम्म्या अंतरावर आणला, तर वहीवर सुमारे चौपट उजेड पडतो. डोळ्यांवर थेट येणार नाही असा आडोसा करून, लहान दिवाही जवळ लावता येईल. रंग आपापल्या आवडीचा. तरी ओसरीवर पिवळसर, म्हणजे खोक्यावर २७०० केल्व्हिन लिहिलेला दिवा बरा. पावसाळी पाखरे निळसर उजेडाकडे अधिक धावतात.

खोके हाती घ्याल तेव्हा ल्यूमेनला वॅटने भागून पाहावे; भागाकार मोठा तो दिवा सरस. व्होल्टचा पट्टाही पाहावा. वादळवाऱ्यात आपल्याकडे दाब वरखाली होतो, म्हणून पट्टा जितका रुंद तितका दिवा टिकाऊ. पंचवीस हजार तासांचे आश्वासन आतल्या छोट्या मंडलावर अवलंबून असते आणि ते उष्णतेने बिघडते; बंद काचेच्या हंडीत एलईडी कोंडू नये.

घरी जुने वळणदार सीएफएल उरले असतील तर ते जपून उतरवावेत. त्यांत थोडा पारा असतो. फुटल्यास खिडक्या उघडून मुलांना बाहेर पाठवावे आणि केरसुणी न फिरवता तुकडे जाड कागदाने गोळा करून झाकणाच्या बरणीत ठेवावेत.