मानवी हक्क : जिनिव्हापासून डिचोलीच्या मामलेदार कचेरीपर्यंत

(डिचोलीत तरुणांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



पेडण्याहून, साखळीहून, इथल्या वाड्यांवरून आणि थेट बेळगाव-खानापुरातून तुम्ही आलात, बरं वाटलं. आजचा विषय मानवी हक्क. हा शब्द आपल्या प्रत्येक निवेदनात असतो. 'आमच्या मानवी हक्कांची पायमल्ली होते आहे, आम्ही संयुक्त राष्ट्रांकडे दाद मागू', असं आपण लिहितो. सभेत टाळ्याही पडतात. पण ते निवेदन मामलेदार कचेरीच्या खिडकीत गेल्यावर काय होतं? खिडकीपलीकडच्या माणसावर संयुक्त राष्ट्रांचा कागद बंधनकारक असतो का?

सरळ सांगतो. नुसता तो कागद बंधनकारक नसतो. त्याला आपल्या देशातल्या कायद्याची जोड लागते. ही जोड कुठे आहे आणि कुठे नाही, हे ज्याला कळलं त्याचं निवेदन चालतं. बाकीच्यांचं फायलीत पडून राहतं.

आधी कागद कुठले ते पाहू. १० डिसेंबर १९४८ ला मानवी हक्कांचा जाहीरनामा आला. त्यात ३० कलमं आहेत. पण तो जाहीरनामा आहे, करार नव्हे. करार आले १९६६ मध्ये, एक नागरी आणि राजकीय हक्कांचा, दुसरा आर्थिक, सामाजिक आणि सांस्कृतिक हक्कांचा. भारत त्यात १९७९ मध्ये सामील झाला. पहिल्या कराराचं २७ वं कलम आपल्या कामाचं. भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या लोकांसोबत आपली भाषा वापरण्याचा हक्क नाकारता येणार नाही, असं ते सांगतं.

मग झालं की! नाही, इथेच गोम आहे. आपल्याकडे सरकारने करारावर सही केली म्हणून तो आपोआप कायदा होत नाही. संविधानाचं कलम ५१ सांगतं की राज्याने आंतरराष्ट्रीय कायद्याबद्दल आदर वाढवावा. पण ते मार्गदर्शक तत्त्व आहे, त्याच्या जोरावर कोर्टात जाता येत नाही. करार अमलात आणायला कायदा करण्याचा अधिकार कलम २५३ ने संसदेला दिला आहे. संसदेने तो वापरला तर जोड तयार होते.

याचा धडा देणारा मोठा खटला आपल्या गोव्यातलाच आहे. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला. १९६२ च्या नागरिकत्व आदेशाने इथे जन्मलेल्यांना भारतीय नागरिकत्व मिळालं. ज्यांना पोर्तुगीजच राहायचं होतं, त्यांनी महिन्याभरात तसं लिहून द्यायचं होतं. फादर मोंतेरो या धर्मगुरूंनी तसं लिहून दिलं. पुढे त्यांच्या राहण्याच्या परवान्याची मुदत संपली. देश सोडण्याचा हुकूम आला, तो त्यांनी मानला नाही आणि विदेशी नागरिक कायद्याखाली त्यांना शिक्षा झाली. ते सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यांचं म्हणणं असं की गोवा हा लष्कराने व्यापलेला प्रदेश आहे, आणि अशा प्रदेशातून तिथल्या माणसाला हाकलता येत नाही असं जिनिव्हा करार सांगतो. भारताने तर जिनिव्हा करारांसाठी १९६० मध्ये कायदाही केला होता.

२६ मार्च १९६९ ला निकाल लागला. न्यायालय म्हणालं, गोवा भारताचा भाग झाला तेव्हाच तो 'व्यापलेला प्रदेश' राहिला नाही, त्यामुळे ते संरक्षणही संपलं. आणि १९६० चा कायदा एखाद्या माणसाला कोर्टात येऊन दाद मागण्याचा वेगळा हक्क देत नाही. अपील फेटाळलं गेलं. फादर मोंतेरोंच्या मताशी तुम्ही-आम्ही सहमत नसू. पण धडा घ्या. कायदा होता, तरी त्यात सामान्य माणसासाठी दार नव्हतं. म्हणून 'कायदा आहे' एवढ्यावर थांबू नका. त्यात माझ्यासाठी दार आहे का, ते वाचा.

मग आंतरराष्ट्रीय करार रद्दीत टाकायचे? मुळीच नाही. १९८० मध्ये जॉली जॉर्ज व्हर्गीस खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे प्रश्न होता, कर्ज फेडण्याची ऐपतच नसलेल्या माणसाला तुरुंगात टाकायचं का? न्यायालयाने आपला कायदा कलम २१ आणि त्या आंतरराष्ट्रीय कराराच्या प्रकाशात वाचला आणि सांगितलं, नुसत्या गरिबीसाठी तुरुंग नाही. १९९७ मध्ये विशाखा खटला झाला. कामाच्या जागी बाईचा लैंगिक छळ झाला तर काय, याबद्दल तेव्हा कायदाच नव्हता. न्यायालयाने महिलांविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराचा आधार घेऊन नियम घालून दिले. कायदा आला २०१३ मध्ये. म्हणजे आपला कायदा गप्प असेल किंवा त्याचे दोन अर्थ निघत असतील, तिथे करार कामाला येतो. आपला कायदा स्पष्टपणे उलट बोलत असेल, तिथे एकटा करार टिकत नाही.

आता इथून जवळच्या मये गावाकडे या. पोर्तुगीज काळापासून गावातली जमीन एका जमीनदार घराण्याच्या नावावर. मुक्तीनंतर मालक निघून गेले आणि १९६४ च्या कायद्याने ती 'इव्हॅक्युई प्रॉपर्टी' म्हणून सरकारी कस्टोडियनच्या ताब्यात गेली. लोक पिढ्यान् पिढ्या राहतात, कसतात, पण घर आपलं आणि पायाखालची जमीन कस्टोडियनची! मालमत्तेचा हक्क जाहीरनाम्याच्या १७ व्या कलमात १९४८ पासून लिहिलेला आहे. त्याने मयेच्या एकाही घराला सनद मिळाली नाही. लोकांनी वर्षानुवर्षं नेट लावला, २०१४ मध्ये गोवा विधानसभेने कायदा केला, तेव्हा सनदांची वाट उघडली. मुक्ती १९६१ ची आणि कायदा २०१४ चा. मधली ५३ वर्षं ही जोड नसण्याची किंमत आहे.

आता आपल्या भाषेचं. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणी ही गोव्याची राजभाषा झाली आणि त्याच कायद्यात शासकीय कामासाठी मराठीच्या वापराची तरतूद आहे. मराठीत आलेल्या पत्राला मराठीत उत्तर देण्याचं सरकारचं धोरण आहे. त्यावर संविधानाचं कलम ३५० आहे. आपलं गाऱ्हाणं कुठल्याही अधिकाऱ्याकडे, राज्यात किंवा संघराज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत मांडता येतं. बेळगावच्या पोरांनो, हे तुमच्यासाठीही आहे. पण नीट वाचा. कलम ३५० अर्ज देण्याच्या भाषेबद्दल बोलतं, उत्तराच्या भाषेबद्दल नाही. ती उणीव राज्याच्या कायद्याने किंवा धोरणाने भरावी लागते, आणि तिथेच तुमची लढाई आहे. प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याच्या सोयीसाठी कलम ३५० क, आणि भाषिक अल्पसंख्याकांच्या विशेष अधिकाऱ्यासाठी ३५० ख.

म्हणून निवेदनाचा क्रम लक्षात ठेवा. आधी राज्याचा कायदा किंवा आदेश, कलमासकट. मग संविधान. शेवटी आंतरराष्ट्रीय करार, आधार म्हणून. उलटं लिहिलंत तर साहेब पहिल्या ओळीलाच हसतील. अर्जाची पोच शिक्क्यासह घ्या. मानवी हक्क आयोगाकडे जायचं तर घटनेपासून एका वर्षाच्या आत जा, त्यानंतर आयोगाला चौकशी करता येत नाही. आणि आयोग शिफारस करतो, कोर्टासारखा हुकूम देत नाही, हेही ध्यानात असू द्या.

शेवटचं, थोडं कडू. संविधानाचं कलम २९ 'नागरिकांच्या कुठल्याही गटाला' आपली भाषा आणि लिपी जपण्याचा हक्क देतं. त्यात मराठीचं नाव नाही. डिचोलीच्या बाजारात ओझं उचलणाऱ्या कन्नड माणसालाही तो हक्क आहे आणि रोमी लिपीत कोकणी लिहिणाऱ्यालाही. बेळगावात आपण ज्या कलमावर बोट ठेवतो, तेच कलम इथे दुसऱ्याच्या हातात असतं. त्याचा अर्ज आपण हसण्यावारी नेला, तर तिकडे आपल्या अर्जाला कोण विचारणार? हक्क माणसाचा आहे, म्हणूनच त्याला मानवी हक्क म्हणतात.

या आठवड्यात एक काम करा. आपल्या वाड्यावरचं एक अडलेलं प्रकरण घ्या, रस्ता, दाखला, शाळा, काहीही. त्याला लागू होणारं एक कलम शोधा आणि शुद्ध मराठीत एक अर्ज लिहा. पोच घेऊन या, पुढचं आपण मिळून पाहू.