म्हावरं, मीठ आणि आतडं

मराठीत माणसासाठी आतडं तुटतं. आम्ही कवींनी आतड्याचा उपयोग तेवढाच केला. मी बी.ए. झालेला माणूस, पण हे आतडं निवड किती काटेकोर करतं हे मला उशिराच कळलं.

मोठ्या माणसाला दिवसाला साधारण १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरतं. सत्तर वर्षांचा हिशेब केला तरी चार ग्रॅम भरत नाही! एवढंसं द्रव्य सांडून चालत नाही. मिठाच्या पाकिटात ते आयोडेट म्हणून असतं. पोटात त्याचं आयोडाइड होतं आणि नव्वद टक्क्यांहून अधिक रक्तात शिरतं. २००९ मध्ये उंदरांच्या लहान आतड्यात याचं दार सापडलं. तिथलं एक प्रथिन दोन सोडियमच्या सोबतीने एक आयोडाइड आत ओढतं. थायरॉईड ग्रंथीतही हेच प्रथिन असतं.

शीव कोळीवाड्यात राहणाऱ्याला वाटतं, वडाळ्याची मिठागरं जवळ, आपल्याला आयोडीनची काय वाण? पण नुसत्या सागरी मिठात ते नगण्यच. ते खरं मासळीत.

म्हणूनच शेजारच्या मावशी चिडल्या. थायरॉईडच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली, पुढे किरणोत्सारी आयोडीन घ्यायचं होतं. त्याआधी दोन आठवडे मासळी बंद, सुकट-बोंबील बंद, मीठही बिनआयोडीनचं. "जन्मभर खाल्लेलं म्हावरं आता वैरी झालं काय रे?" मला म्हणाल्या.

वैरी नव्हे. पेशींना उपाशी ठेवायचं, म्हणजे औषध आलं की त्या अधाशासारख्या ओढून घेतात. परळला भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून आहे. या उपचारात औषध तोंडावाटेच देतात. सुई नाही, चिरफाड नाही, गिळायचं. आतड्याला साधं आयोडीन आणि किरणोत्सारी आयोडीन यांतला फरक कळत नाही. म्हावऱ्यातलं ज्या वाटेने जातं, त्याच वाटेने हेही जातं. त्याचं हे अज्ञानच रोग्याच्या कामी येतं.

उरलेलं बरंचसं लघवीवाटे बाहेर पडतं. दर आठ दिवसांनी किरणोत्सार निम्मा होतो. तोवर काही दिवस लहान मुलं आणि गर्भवती बायकांपासून दूर राहायचं. मावशींना म्हावऱ्यापेक्षा हेच जड गेलं. नातू दोन वर्षांचा आहे.